बापाने वाक्य पुरं होऊ दिलं नाही : देवाच्या क्षमेकडे परतण्याची वाट, पायरीपायरीने

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असतं : येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर मोडून वाटून घेतात. अकरा वर्षं मी त्या रविवारी मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचो आणि भाकर मोडायची वेळ आली की उठून बाहेर यायचो. लोकांना वाटायचं, ड्यूटी असेल. बायकोला वाटायचं, पोटाचं काहीतरी दुखणं आहे. खरं कारण होतं एक एफडीची पावती. वडिलांनी शेवटच्या दिवसांत ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दोघं वाटून घ्या." धाकट्या भावाला मी सांगितलं, सगळे पैसे दवाखान्यात गेले. दवाखान्याचं बिल भागवून ८० हजार उरले होते. ते मी ठेवून घेतले.

देव दयाळू आहे हे ज्याला संडे स्कूलपासून तोंडपाठ आहे, पण "ते इतरांसाठी, माझ्यासाठी नाही" असं ज्याचं मन रात्री सांगत राहतं, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. नाशिकच्या मंडळ्यांमध्ये अशी पुष्कळ माणसं मला भेटली. कुणी गर्भपाताचं ओझं वाहतंय, कुणी दारूत घालवलेल्या वर्षांचं, कुणी आईला शेवटी भेटलो नाही म्हणून आतून कुरतडलं जातंय. मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. ज्या वाटेने मी परत आलो ती वाट मात्र पावलापावलाने सांगू शकतो.

पहिली पायरी : यादी नको, आधी गोष्ट वाचा

बहुतेक जण सुरुवात उलटी करतात. वही काढतात, पापं लिहायला बसतात आणि दुसऱ्या पानावर इतके खचतात की वही मिटून टाकतात. मीही दोनदा तसंच केलं. म्हणून सांगतो, आधी बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा १५वा अध्याय काढा, ११व्या ओवीपासून. मोठ्याने वाचा. घरात माणसं असतील तर गच्चीवर जा, नाहीतर गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी लावून वाचा, पण आवाज तुमच्या कानावर पडू द्या.

उधळ्या मुलाची ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ आहे की आपण ती नीट ऐकतच नाही. बापाकडून वाटा घेऊन तो उडवून बसलेला धाकटा मुलगा परदेशात डुकरं राखतोय, भुकेने जीव चाललाय, आणि तिथेच तो बापासमोर म्हणायचं वाक्य जुळवतो. त्या वाक्याला तीन भाग आहेत : मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. हे १८ आणि १९व्या ओवीत आहे. आता २१व्या ओवीवर बोट ठेवा. घरी पोहोचल्यावर तो पहिले दोन भाग म्हणतो. मजुराचा भाग तिथे नाही. लगेच पुढच्या ओवीत बाप नोकरांना झगा आणायला सांगतोय.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली आहे. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं आणि तो धावला. त्या काळच्या गावात घरचा कर्ता माणूस धावत नसे. झगा वर धरून, पाय उघडे टाकून धावणं ही त्याच्या मानाला न शोभणारी गोष्ट होती. बापाने सगळ्या गावासमोर ती केली. मुलाच्या तोंडून एक अक्षरही निघण्याआधी त्याने त्याला गळ्याशी धरलं होतं.

माझी सगळी अडचण त्या तिसऱ्या भागात होती. मला देवाच्या घरी मजूर म्हणून राहायचं होतं. दर रविवारी हजर, देणगी नियमित, नाताळच्या सजावटीत पुढे, आणि प्रभुभोजनाला बाहेर. मजुराला ताटावर बसावं लागत नाही ना! तुम्हीही असंच काही करत आहात का, ते या पायरीवर स्वतःला विचारा. आणि तुम्हाला धाकट्यापेक्षा घरीच राहून राबलेला थोरला मुलगा जास्त जवळचा वाटत असेल, सगळं नीट करूनही मनात कडवटपणा साचला असेल, तर २८वी ओवी वाचा. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आलाय.

ही पायरी आठवडाभर द्या. रोज एकदा वाचा. घाई करू नका.

दुसरी पायरी : एक वाक्य, त्यात "पण" नको

आता वही काढा. यादी करू नका, जे सर्वांत जास्त सलतंय ते एकच लिहा. क्रियापद साधं आणि कर्ता "मी". "आमच्यात पैशांवरून गैरसमज झाले" असं मी पहिल्यांदा लिहिलं होतं. हे खोटं होतं. गैरसमज काही झाला नव्हता. तिसऱ्या प्रयत्नाला लिहिलं, "मी भावाचे ४० हजार रुपये लपवले आणि त्याच्याशी खोटं बोललो." वाक्यात "पण" आलं की खोडा. "पण तेव्हा मुलीची फी भरायची होती" हे खरं असेल, तरी त्याची जागा या वाक्यात नाही.

इथे दावीद राजाकडे बघा. त्याने उरीयाच्या बायकोला, बथशेबाला, आपल्याकडे आणलं आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा आला, त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढरीची गोष्ट सांगितली, राजा संतापला, आणि नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. दावीदाचं उत्तर अगदी छोटं आहे : मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. त्याच प्रसंगाशी जोडलेलं ५१वं स्तोत्र आपण उपवासकाळात म्हणतो. त्याची सुरुवात पापाने होत नाही, देवाच्या दयेने होते. तुमचं वाक्य लिहून झालं की त्याच्या वर हे स्तोत्र लिहून काढा, स्वतःच्या हाताने. मी रात्री नाईटशिफ्टवरून आल्यावर, स्वयंपाकघरात दिवा लावून लिहिलं होतं. "मोडलेलं आणि पस्तावलेलं हृदय देव तुच्छ मानत नाही" या अर्थाची १७वी ओवी लिहिताना पेन थांबलं आणि पुढचा अर्धा तास काही लिहिता आलं नाही.

एक फरक ओळखायला शिका. खरी खंत तुम्हाला एका ठरावीक कृत्यापाशी आणून सोडते आणि पुढचं पाऊल दाखवते. दुसरी एक खंत असते ती सांगते, तू माणूसच वाईट आहेस, तुझं काही होणार नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ७व्या अध्यायात, या दोन दुःखांची स्पष्ट फारकत केली आहे : देवाकडे नेणारं दुःख आणि मरणाकडे नेणारं दुःख. दुसऱ्या प्रकारचं दुःख आठवडेच्या आठवडे झोप उडवत असेल, जेवण जात नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर ते फक्त प्रार्थनेवर सोपवू नका. डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. औषध घेणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांत उलटं सांगणारे बरेच आहेत.

तिसरी पायरी : कुणाला तरी सांगा, पण माणूस पारखून

याकोबाच्या पत्रात, ५व्या अध्यायात, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं म्हटलंय. देवाने माफ केलं हे माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुष्कळांच्या मनात उतरत नाही, माझ्या तरी उतरलं नाही.

कॅथलिक असाल तर वाट आखलेली आहे : स्वतःच्या विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, फादरांसमोर कबुली, प्रायश्चित्त, पापमोचन. फार वर्षांनी जात असाल तर लाजू नका. "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे, मागच्या कबुलीला बारा वर्षं झाली, काय म्हणायचं ते विसरलो," एवढं म्हटलं तरी फादर पुढचं सांभाळून घेतात. तिथे बोललेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत. चर्चच्या कायद्याने ते गुपित कधीच मोडता येत नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाऊन कबुली देऊ असं ठरवणारे खूप असतात. जा जरूर, पण मोठं ओझं असेल तर गर्दीचा दिवस टाळा. एखाद्या साध्या दिवशी आधी फोन करून वेळ मागून घ्या.

आम्हा प्रॉटेस्टंटांकडे उपासनेतला सामुदायिक पापांगीकार असतो आणि त्यानंतर पाळक क्षमेचं आश्वासन वाचतात. ते शब्द पोकळ नाहीत, पण ओठ सवयीने हलत असतात. म्हणून एकट्याने भेटा. मी पाळकसाहेबांना फोन केला तेव्हा "जरा बोलायचं होतं" यापुढे शब्द फुटेना. ते म्हणाले, "या, चहा घेऊ." त्यांच्या ओसरीवर मी वहीतलं वाक्य वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग योहानाच्या पहिल्या पत्रातली १:९ ही ओवी त्यांनी माझ्या नावासकट वाचली : आपण पापं कबूल केली तर क्षमा करायला तो विश्वासू आणि न्यायी आहे. "न्यायी" हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असं वाटलं. देव कानाडोळा करतोय असं तिथे म्हटलेलं नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर हिशेब चुकता केला आहे, म्हणून क्षमा करणं हाच आता न्याय आहे.

माणूस निवडताना काळजी घ्या. आपल्या मंडळ्या लहान, सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर मावसभाऊ. ज्याने तुमच्यासमोर दुसऱ्याचं गुपित "प्रार्थनेसाठी" म्हणून उघडं केलं, त्याच्याकडे जाऊ नका.

चौथी पायरी : मनाला पटेपर्यंत धरून ठेवा

क्षमा मिळते एका क्षणात. मनाला ती पटायला महिने लागतात. या मधल्या काळात बरेच जण परत मागच्या बाकावर जाऊन बसतात.

मला येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीने सांभाळलं. येशूला पकडलं त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी हात शेकत असताना त्याने तीनदा येशूला नाकारलं. योहानाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवासाठी जो शब्द आहे तो फक्त दोनदा येतो : १८व्या अध्यायात त्या अंगणात, आणि २१व्या अध्यायात समुद्रकाठी, जिथे पुन्हा उठलेला येशू मासे भाजत बसलाय. पेत्र ओलाचिंब होऊन किनाऱ्यावर येतो आणि त्याच्या नाकात तोच धूर जातो. मग तीन प्रश्न, जितके नकार तितके. येशूने ती जागा टाळली नाही. पेत्राला तिथेच आणून बसवलं, खायला दिलं आणि मग कामही दिलं : माझी मेंढरं चार. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदाही त्याच रात्री चुकला होता, त्यालाही पस्तावा झाला, त्याने चांदीची नाणी परतसुद्धा केली. पण तो एकटा निघून गेला. पेत्र पुन्हा बाकीच्यांबरोबर होडीत होता. म्हणून सांगतो, मन पटो न पटो, मंडळीत जात राहा.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो, पण नावाकडे लक्ष जात नाही. १९व्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली गेली, शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आत वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या दफनालाही तो हजर होता. त्या मुलांनी कुणाचा अपराध केला नव्हता, त्यांच्यावर अन्याय झाला होता. तेव्हा त्यांची आणि माझी तुलना नाही. पण शरणपूर हे नाव मला सोडत नाही. मराठीत शरण जाणं म्हणजे हार मानणं, आणि शरण म्हणजे आसराही. एकाच शब्दात दोन्ही. सिग्नलला थांबलो की मी ते नाव मनात म्हणतो, आणि माझी त्या दिवसाची प्रार्थना तेवढीच असते.

पाचवी पायरी : जे घेतलं ते परत

ही पायरी चौथीच्या आधी घेऊ नका, नाहीतर परतफेड म्हणजे क्षमेची किंमत होऊन बसेल. लोकांकडून जास्तीचे पैसे उकळणारा जकातदार जक्कय, त्याच्या गोष्टीतला क्रम पाहा. येशू आधी म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. चौपट परत करायची गोष्ट जक्कयाने त्यानंतर काढली.

मी आधी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच हिशेब मांडला : ४० हजार, ११ वर्षं, ८ टक्क्यांनी चक्रवाढ, साधारण ९३ हजार. तिच्या भिशीचे पैसे त्यात घातले.

भाऊ निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग बघतो. ऑक्टोबरची छाटणी नुकतीच झाली होती, काडीच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट येते त्या कळ्यांना, पेस्ट लावायचं काम चाललं होतं. त्याच्या हातात रबरी मोजे, कोपरापर्यंत रंग. मी ओळीच्या टोकाला उभा राहिलो आणि तीन वाक्यं म्हणालो, घोकून आणलेली. बाबांच्या एफडीतले ८० हजार उरले होते. त्यातले तुझे ४० मी लपवले आणि तुला खोटं सांगितलं. हे व्याजासकट परत आणलेत. तो माझ्याकडे न बघता पुढच्या डोळ्याला पेस्ट लावत राहिला. मग म्हणाला, "दादा, पाकीट तिथं पाटीत ठेव. माझे हात खराब आहेत." थोडं पुढे गेल्यावर, पाठ माझ्याकडे असतानाच, "त्या वर्षी मी बैल विकला होता. तुला माहीत होतं."

माहीत होतं.

तुम्हीही असं बोलायला जाल तेव्हा तीन गोष्टी सांगा : काय केलं, समोरच्याचं काय बिघडलं, काय परत करतोय. दुसरी गोष्ट मी वगळली होती, ती त्याला सांगावी लागली. "तुला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. आणि त्याच दिवशी माफी मागून त्याच्या गळ्यात उत्तराचं ओझं घालू नका. देवाने तुम्हाला माफ केलं म्हणून माणसाने लगेच करावं असा हक्क तुम्हाला मिळत नाही. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. नारायणरावांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि नवराबायकोत काही वर्षांचा दुरावा आला. ती पुन्हा एकत्र आली, पण ती मधली वर्षं कुणाच्या उपदेशाने कमी झाली नसती.

ज्याचं नुकसान केलं तो माणूस हयात नसेल तर पत्र लिहा, कबरस्तानात जाऊन वाचा, आणि पैशाचा प्रश्न असेल तर त्याच्या मुलाबाळांना द्या. काही वेळा समोर जाऊन सांगण्याने त्या माणसाचीच जखम उघडी पडते. अशा वेळी आधी पाळकांना किंवा फादरांना विचारा.

दुसऱ्याला माफ करणं, आणि त्याची मर्यादा

मत्तयच्या १८व्या अध्यायात पेत्र विचारतो, सातदा माफ करू का? त्यावर येशू सत्तर वेळा सातदा म्हणतो आणि दोन कर्जांची गोष्ट सांगतो. पहिलं कर्ज एका चाकराने राजाला देणं असलेलं, दहा हजार टॅलेंटचं. एक टॅलेंट सुमारे सहा हजार दीनारांचा, आणि एक दीनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची हजेरी. गुणाकार केला तर ६ कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस राबलं तरी २ लाख वर्षं. राजाने ते सगळं सोडलं. दुसरं कर्ज सोबतच्या चाकराने त्याच चाकराला देणं असलेलं, शंभर दीनारांचं, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. येशूने ते क्षुल्लक म्हटलेलं नाही. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर घर हलतं. तुम्हाला झालेली दुखापत खरी आहे. ती ६ कोटींच्या शेजारी ठेवून बघा, एवढंच तो म्हणतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नवरा मारतो आणि मंडळीतले लोक "माफ कर, घरी जा" म्हणतात, तेव्हा ते शुभवर्तमान सांगत नसतात. माफ करणं म्हणजे पुन्हा मार खायला जाणं नव्हे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत, ते वापरा. गुन्हा झाला असेल तर पोलिसांत जा. क्षमा आणि तक्रार एकाच हृदयात राहू शकतात.

रोज रात्री

पुन्हा घसराल. मीही घसरलो, पैशात नाही, खोटं बोलण्यात. तेव्हा लूकच्या १३व्या अध्यायातलं अंजिराचं झाड वाचा. द्राक्षमळ्यात लावलेलं, तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. बागाईतदाराला या वाक्याचं मोल सांगावं लागत नाही. आळं खणून खत घालणं हे काम आहे, घामाचं.

झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. दिवस उलट्या क्रमाने आठवा, जेवणापासून सकाळपर्यंत. जिथे कृतज्ञता वाटली तिथे थांबा, जिथे चुकलं तिथे एक वाक्य बोला, "पण" न घालता. मग १३०वं स्तोत्र म्हणा. आठच ओव्या आहेत : खोल जागेतून मी तुला हाक मारतो, तू अपराध मोजत बसलास तर कोण टिकेल, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून माझा जीव प्रभूची वाट बघतो.

मागच्या थंडीत निफाडला पारा फार खाली गेला. रात्री साडेअकराला भावाचा फोन आला. छाटणीनंतर त्याने स्वतः केलेला पहिला. "शेकोट्या पेटवायला माणूस कमी पडतोय. येतोस का?" मी स्वेटर चढवला आणि निघालो. रात्रभर आम्ही ओळींच्या टोकांना काडीकचऱ्याचे ढीग पेटवत राहिलो, घड दवात जळू नयेत म्हणून. पैशांबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. साडेपाचच्या सुमाराला पूर्वेकडे जरा उजळलं. त्याने विस्तवाजवळ गोणपाट अंथरलं, थर्मासमधला चहा ओतला, आणि पहिला कप माझ्याकडे सरकवला.